मुखड्यापुरत्या दोन ओळी घेतल्या तर?

प्रश्न : हार्मोनियम शिकणाऱ्यांसाठी मी स्वरलेखनाची पुस्तिका लिहिते आहे. ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली देणार आहे. कोणीही छापावी, बदलावी, विकावीसुद्धा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, समजावायला सुधीर फडक्यांच्या एखाद्या गाण्याचा मुखडा घेतला तर चालेल ना? स्वर मी स्वतः ऐकून लिहिले आहेत.

उत्तर : ऐकून लिहिण्याची मेहनत तुमची, पण चाल बाबूजींची, म्हणजे फडक्यांचीच. आपल्या कॉपीराइट कायद्यात सांगीतिक कृतीच्या व्याख्येतच तिचं स्वरलेखनही धरलेलं आहे. शब्दांचा हक्क वेगळा, तो कवीचा. रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क टिकतो. बाबूजी 2002 साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली 2062 अखेरपर्यंत राखीव. ‘चार मात्रा घेतल्या तर चालतं’ असं गायनवर्गांत सर्रास ऐकू येतं, पण कायद्यात असा आकडा कुठेही नाही.

वर्गात फळ्यावर तो मुखडा खुशाल लिहा. कलम 52 शिकवण्याच्या ओघात तेवढी मोकळीक देतं. शैक्षणिक संग्रहात छोटे उतारे घेण्याचीही सवलत त्यात आहे, पण ती फक्त साहित्य आणि नाट्यकृतींना. संगीताचं नाव तिथे नाही. हे मला तरी अजब वाटतं. चालीची खरोखर चिकित्सा करत असाल, तर समीक्षेच्या सवलतीत एखादी ओळ बसू शकेल.

तरीही खरी गाठ तुमच्या परवान्यातच आहे. सवलत मिळते ती त्या विशिष्ट वापराला. उद्या कोणी तेच पान उचलून विकाऊ ॲपमध्ये घातलं, तर तिथे ना वर्ग असेल ना समीक्षा. आणि ‘खुशाल घ्या’ असं तुम्हीच लिहून दिलेलं असेल, हक्क तुमचा नसताना. त्या उताऱ्याखाली ‘हा भाग परवान्याबाहेर’ अशी टीप देता येते, पण मग पुस्तिका पुन्हा छापणाऱ्याला ते पान गाळावं लागेल. असली मुक्त पुस्तिका काय कामाची?

त्यापेक्षा नाट्यसंगीताकडे वळा. 1911 च्या ‘संगीत मानापमान’ची पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर 1948 साली गेले, टेंबे 1955 साली. दोघांचीही मुदत संपली आहे. भातखंड्यांचं 1936 साली निधन झालं, त्यामुळे त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तल्या बंदिशीही घेता येतील. फक्त मूळ मराठी आवृत्ती पाहा. नंतरच्या अनुवादांवर आणि टिपांवर त्या त्या अनुवादकाचा, संपादकाचा हक्क असू शकतो.

राग आणि ताल यांवर कोणाचीच मालकी नाही. मींडेसाठी तर यमनात गंधारावरून रिषभावर उतरणारी चार मात्रांची ओळ तुम्हीच रचा आणि वर कमान काढा. बाबूजींचं गाणं कोणतं ऐकायचं, त्यातली मींड कोणत्या ओळीत आहे, हे खाली एका वाक्यात सांगा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.