'उमा रुपिया' : तरुण प्रजासत्ताकाचे चांदीचे नाणे

प्रश्न : जुन्या संग्रहात स्त्रीमुख व '१९१२' असे साल असलेला चांदीचा रुपया आहे. तो कुठला आणि खरा कसा ओळखावा? (एक वाचक, धंतोली, नागपूर)

उत्तर : वर्णनावरून हे नाणे पोर्तुगीज हिंदुस्थानचे, म्हणजे गोवा, दमण व दीवमध्ये चालणारे 'उमा रुपिया' (पोर्तुगीजमध्ये 'एक रुपया') दिसते. लिस्बनमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही संपल्यावर, १९०३-०४च्या रुपयावरील राजा कार्लुश याच्या मुखवट्याची जागा प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या स्त्रीमुखाने घेतली. राजवट बदलली तरी मान, म्हणजे वजन व शुद्धता, ब्रिटिश रुपयाचेच राहिले : सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हा व्यवहारी शहाणपणा होता, कारण सीमेपलीकडे नाणे अखेर तराजूवरच पारखले जाई. इतवारीतील सराफाच्या काट्यावर वजन लक्षणीय कमी भरल्यास, अथवा विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) सुमारे १०.३ न आल्यास संशय घ्यावा. मात्र नाणे घासून चकचकीत करू नये, कारण त्याने संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.