उपचारांनंतरचा आधार : प्रौढ दिव्यांग आणि गावाची जबाबदारी

बौद्धिक अक्षमता असलेली मुले विशेष शाळेत शिकतात. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास ही शाळा संपते. पुढे एखाद्या कार्यशाळेत जागा मिळाली तर उत्तम. अन्यथा तो तरुण किंवा ती तरुणी घरी येऊन बसते. तीव्र मनोविकाराने ग्रासलेल्या व्यक्तीची वाट वेगळी असते. रुग्णालयात काही आठवडे उपचार होतात, प्रकृतीला उतार पडतो आणि गोळ्यांची पुडी देऊन तिला घरी पाठविले जाते. या दोन्ही वाटा अखेरीस एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे वृद्धत्वाकडे झुकलेल्या आई-वडिलांचे घर. 'आमच्या माघारी याचे कसे होणार?' हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो. उपचार आणि शिक्षण यांच्या पलीकडची ही गरज भागविणाऱ्या व्यवस्थेस समाजाधारित आधारसेवा असे म्हणता येईल. तिचे स्वरूप काय, कायद्याने तिला कोणते अधिष्ठान दिले आहे आणि गावपातळीवर ती कशी उभी राहू शकते, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. मनोविकारांच्या बाबतीत बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केले. त्यात १० टक्क्यांहून अधिक प्रौढांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळून आला. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत, हा या आकड्यांचा सरळ अर्थ होय. जे पोहोचतात, त्यांतील अनेकांचे उपचार मध्येच सुटतात. औषध संपते, जिल्ह्याच्या गावी जाण्याचा खर्च परवडत नाही, एका दिवसाची मजुरी बुडते, आणि 'आता बरे वाटते आहे' म्हणून गोळ्या बंद होतात. काही महिन्यांनी आजार पुन्हा उचल खातो.

भिंतींकडून वस्तीकडे

मनोरुग्णांची सेवा म्हणजे उंच भिंतींआडचे रुग्णालय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांनी मोठे कार्य केले आहे. तथापि केवळ मोठ्या रुग्णालयांच्या बळावर खेडोपाडी पसरलेल्या रुग्णांना सेवा मिळणे शक्य नाही, हे ध्यानात आल्यावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारण्यात आला. त्यानंतर निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात एक प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व आरोग्य कर्मचाऱ्यांना नेहमीचे मनोविकार ओळखण्याचे आणि त्यांवर उपचार करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. मोजकी पण आवश्यक औषधे केंद्रातच उपलब्ध करण्यात आली आणि जिल्हास्तरावरील पथक मार्गदर्शन करू लागले. या अनुभवाच्या आधारेच १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तज्ज्ञ संख्येने थोडे असले तरी प्रशिक्षित कर्मचारी, घराजवळ मिळणारे औषध आणि नियमित पाठपुरावा यांच्या योगाने फार मोठे काम होऊ शकते, हा बल्लारीचा धडा होय.

आधाराची व्यवस्था नसली म्हणजे काय घडते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसून आले. तेथील एका खासगी निवाऱ्यात साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांना आगीतून पळून जाता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. घरी सांभाळणे अशक्य झाल्याने नातेवाइकांनी आपल्या माणसांना अशा निवाऱ्यांच्या स्वाधीन केले होते.

कायद्याने दिलेले हक्क

आता हा विषय दयेचा राहिलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले असून त्यांत बौद्धिक अक्षमतेबरोबर मानसिक आजाराचाही समावेश आहे. मनोविकारामुळेही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षणाची तरतूद याच अधिनियमात आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. समाजात राहण्याचा आणि समाजापासून वेगळे न काढले जाण्याचा हक्क त्याने मनोरुग्णास दिला आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. कुटुंबात राहणे शक्य नसलेल्यांसाठी मध्यंतर निवास व गटनिवास यांसारख्या सोयी उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास या अधिनियमाने मनाई केली आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेली व्यक्ती रस्त्यावर भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे व २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत पोहोचविणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही.

अठरा वर्षे पूर्ण होताना

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकेचे खाते, वारसाहक्क, जमिनीचा हिस्सा अशा व्यवहारांत अडचणी येतात त्या येथून पुढे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व या चार प्रकारांतील प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी सदस्य असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. न्यायालयाची दीर्घ प्रक्रिया त्यामुळे टळते. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेखाली वार्षिक १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते.

येथे शिक्षकाचे कार्य महत्त्वाचे ठरते. विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचा असतानाच पालकांना बोलावून प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र, बँक खाते आणि पालकत्व यांची माहिती द्यावी. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत स्वयंपाकघरातील कामे, पैशांची ओळख, एकट्याने बसने प्रवास, जनावरांची निगा किंवा रोपवाटिकेतील काम यांचा सराव व्हावा. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पुढील दिशाही हाती पडली पाहिजे.

ग्रामपंचायतीचे कार्य

समजा, एका गावातील तीस वर्षांचा तरुण छिन्नमनस्कतेवरील उपचार घेऊन परतला आहे. वडील नाहीत, आई शेतमजुरी करते. त्याला लागणाऱ्या बहुतेक सेवा वेगवेगळ्या कार्यालयांत आजही अस्तित्वात आहेत. औषध जिल्हा रुग्णालयात, प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळाकडे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. उणीव आहे ती या सेवा जोडून देणाऱ्या माणसाची. एकटी आई हे सर्व उंबरठे झिजवू शकत नाही.

ही जोडणी ग्रामपंचायत करू शकते. प्रथम गावातील प्रौढ दिव्यांग व मनोरुग्ण यांची नोंद संमतीने व गुप्तता राखून करावी. ती चावडीवर वाचण्याची यादी नव्हे. आशा स्वयंसेविकेने महिन्यातून एकदा घरी जाऊन औषध चालू आहे काय, झोप व जेवण ठीक आहे काय, एवढे जरी विचारले तरी आजार उलटण्याची चिन्हे वेळेवर कळतात. चार-पाच रुग्णांची औषधे एकाच फेरीत आणण्याची व्यवस्था केल्यास प्रत्येकाची मजुरी वाचते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती केवळ वस्तुवाटपात न संपविता प्रवासखर्च, दिवसभराचे काळजी केंद्र किंवा कामाची साधने यांकडे वळविता येईल का, याचा विचार ग्रामसभेत व्हावा. आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सल्ल्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक पंचायत कार्यालय, शाळा व आरोग्य उपकेंद्र येथे ठळकपणे लावावा.

काम हाही एक उपचारच आहे. बरा होत असलेल्या माणसाला दिवसातील चार तास झेपेल असे काम मिळाले, तर घरात त्याला मान मिळतो आणि आईला उसंत लाभते. आरंभी त्याचा वेग कमी असेल. एखाद्या दिवशी तो येणारही नाही. तेवढी सवलत काम देणाऱ्याने द्यावी.

भाषा आणि वागणूक

अखेरची बाब पैशांची नाही. 'वेडा', 'खुळा' अशा हाका, लग्नकार्यात न बोलावणे, मुलांनी मागे लागून चिडवणे यांमुळे औषधाने साधलेले पुष्कळसे वाया जाते. सरपंचांनी, शिक्षकांनी अशा व्यक्तीस चारचौघांत नावाने हाक मारली, ग्रामसभेत तिला बसावयास जागा दिली, तर गाव तेच अनुकरण करते. अंगात येणे, करणी अशा समजुतींमुळे उपचारांस विलंब होतो. अशा वेळी कुटुंबाची टिंगल न करता एखाद्या विश्वासातील माणसाने त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करणे अधिक उपयुक्त ठरते.

कायदा, योजना आणि औषधे या तिन्ही गोष्टी आज उपलब्ध आहेत. त्या एकाच दारापर्यंत नेऊन पोहोचविण्याचे काम मात्र गावातील माणसांनीच करावयाचे आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील अशा एका घरापासून आरंभ केला, तरी 'आमच्या माघारी कसे होणार' या प्रश्नाला त्या घरापुरते उत्तर मिळेल. आणि दुसऱ्या घराचे काम त्याहून सोपे होईल.