निवृत्त जवानाची झोप

फौजेतून परतलेला दादा दिवसभर शेतात नेटाने राबतो. पण रात्री दचकून उठतो, फटाका वाजला की थरथरतो. गावात म्हणतात, बाहेरची बाधा आहे. बाधा कसली, हा आजार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकेने आजारी निवृत्त सैनिकांसाठी मानसशास्त्रज्ञ शिकवून तयार करायला घेतले. असा जाणकार घडलेला प्रसंग त्याच्याच तोंडून हळूहळू वदवून घेतो. नुसत्या उपदेशाने भागत नाही. आपल्याकडे धारवाडच्या डिमहान्स रुग्णालयात दाखवावे, किंवा १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येते. झोपेत त्याला हलवू नये, पायथ्याशी उभे राहून हाक मारावी. झोप लागावी म्हणून पेला भरून देणारे बहुधा घरचेच असतात. दारूने झोप आणखी मोडते.