बॉबिन संपल्यावर

चोवीस वर्षे मी ऑपरेशन थिएटरात स्क्रब सिस्टर आहे. म्हणजे निर्जंतुक टेबलाआड उभी राहून सर्जनच्या हातात हत्यारे देणारी. पोटाच्या आत सगळे सुईदोऱ्यानेच शिवतात, असे घरच्यांना अजून वाटते. आतडे स्टेपलरने जोडतात म्हटले की भाचा लगेच कागदांचा स्टेपलर आणून दाखवतो. तो फार चुकत नाही. फक्त आमच्या स्टेपलरला लांब जबडा असतो, पिना टायटॅनियमच्या असतात आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन ओळी बसत असताना मधून पाते फिरते. शिवणे आणि कापणे एकाच दाबात. या हत्याराने मला जे शिकवले ते लिहून काढते आहे. बरेचसे उशिरा शिकले.

१. ज्याला मी बिघाड म्हणत होते, तो बिघाड नव्हताच. नोकरीचे तिसरे वर्ष होते. आतड्यावर एकदा फायर झाला, मी जबडा पुसला आणि रक्त टिपायचे मॉप मोजण्याच्या नादात तोच स्टेपलर पिनांचे कार्ट्रिज न बदलता सरांच्या हातात ठेवला. खटका हलेना. सर मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, हे काय दिलंय?" मी ताठ मानेने उत्तर दिले, "सर, पीस खराब आहे, दुसरा उघडते." कोपऱ्यात कंपनीचा माणूस उभा होता. तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, रिलोड बदललं का?" मास्कचा एक मोठा फायदा त्या दिवशी कळला. चेहरा कितीही लाल झाला तरी कोणाला दिसत नाही.

२. हत्यार अडले म्हणून माणूस वाचला, हे डोक्यात शिरायला मला आईचे शिलाई मशीन आठवावे लागले. बॉबिन संपली तरी मशीन थांबत नाही. सुई ऐटीत वरखाली होत राहते, कापड पुढे सरकते, आणि वीतभर गेल्यावर कळते की खाली टाका पडलेलाच नाही. आता त्या सुईमागे एक धारदार पाते जोडले आहे अशी कल्पना करा. पिना संपलेल्या कार्ट्रिजवर स्टेपलर चालला असता, तर आतडे कापले गेले असते आणि शिवले गेले नसते. म्हणून खटक्याला ते कुलूप. नंतर एका मुदत संपलेल्या स्टेपलरचे कार्ट्रिज मी टेबलाच्या दिव्याखाली उलगडून पाहिले. सुरुवातीच्या टोकाला एक लहानशी पाचर असते. पाते निघताना त्या पाचरेचा टेकू घेऊन अडथळा ओलांडते आणि तिला पुढे ढकलत नेते. पाचर वाटेतली एकेक पिन वर उचलत शेवटच्या टोकाला जाते आणि तिथेच राहते. पाते एकटे परत येते. पुन्हा दाबले तर टेकू कुठला? पाते खाचेत बसते आणि जागचे हलत नाही. ना बॅटरी, ना सेन्सर. मी ते दहा वेळा करून पाहिले. थिएटरातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, जेवायला चला, खेळणं पळून जाणार नाही."

३. कापणाऱ्याने शिवणाऱ्याच्या अलीकडे थांबायचे असते. हेही आईकडचेच. काज फाडताना ती टोकाला टाचणी लावायची, म्हणजे ब्लेड धाग्याच्या पलीकडे निसटू नये. लिनिअर कटरमध्ये, म्हणजे या सरळ जबड्याच्या स्टेपलरमध्ये, पाते शेवटच्या पिनांच्या आधीच थांबते. या हत्याराचा सगळ्यात साधा सुरक्षा-उपाय हाच, आणि त्याबद्दल मला आजवर कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

४. जुन्या काळाबद्दल हळवे व्हायचे मी सोडून दिले. बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्ट्ल या सर्जनने १९०८ मध्ये व्हिक्टर फिशर या हत्यारे घडवणाऱ्याकडून पहिला स्टेपलर करून घेतला. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि जोडून तयार करायला दोन तास. पिनांचा मिटल्यावरचा इंग्रजी 'बी'सारखा आकार तेव्हाचाच. त्या आकाराच्या दोन डोळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या चालू राहतात, म्हणून कडेचे ऊतक मरत नाही. कल्पना शंभर टक्के बरोबर होती. पण तारेची एकेक पिन कोणीतरी हाताने बसवत असणार, आणि त्या दोन तासांत एखादी जागा रिकामी राहिली तर सांगणारा खटका नव्हता. अशा हत्याराची सगळी सुरक्षा ते जोडणाऱ्याच्या डोळ्यांत. त्या अनोळखी बाईची किंवा बाप्याची मला फार कीव येते. आलादार फॉन पेत्झने १९२१ मध्ये हलका स्टेपलर आणला, तेव्हा कोणाच्या तरी मनगटांनी नक्कीच सुस्कारा सोडला असेल.

५. कुलूप हुशार असते, पण त्याला एकच प्रश्न विचारता येतो: कार्ट्रिज न वापरलेले आहे का? पुढचे त्याला काही समजत नाही. जाड जठरावर पातळ आतड्याचे पांढरे कार्ट्रिज लावा, खटका खुशाल चालेल. हे कळले तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले. मी त्याला राखणदार समजत होते, तो निघाला तिकीट बघणारा. तिकीट आहे ना, मग बसा, कुठल्या गावाला का जाईना.

आमच्या कपाटात पांढरे, निळे, हिरवे असायचे. पांढऱ्याची पिन उघडी अडीच मिलिमीटर, निळ्याची साडेतीन, हिरव्याची ४.८; मिटल्यावर अनुक्रमे एक, दीड आणि दोन. वर्षानुवर्षे मी रंगच बोलत आले. मग एक नवे सर बाहेरून आले आणि म्हणाले, "पर्पल द्या." आमच्या कपाटात पर्पल नाहीच. दुसऱ्या कंपनीचा तो रंग, आणि त्यात आतल्या ओळीच्या पिना लहान, बाहेरच्या मोठ्या. मी विचारले, "सर, मिटल्यावर किती मिलिमीटर हवंय?" ते थांबले. त्यांनाही आठवेना. दोघांनी मिळून खोक्यावरचे बारीक अक्षर वाचले. चाळिशीचा चष्मा मास्कच्या वाफेने धूसर झालेला, आणि आत पेशंटचे पोट उघडे. तेव्हापासून मी रंगाबरोबर आकडाही मोठ्याने बोलते. काही सर्जनना ते आवडत नाही. बोलते.

६. पंधरा सेकंद हा फार मोठा काळ असतो. जबडा मिटल्यावर लगेच फायर करायचा नसतो, थोडे थांबायचे असते. ऊतकातले पाणी दाबाने बाजूला सरते, जाडी कमी होते आणि पिना नीट मिटतात. आमचे एक सर मनात पंधरा मोजायचे. त्यांचे पंधरा म्हणजे माझे आठ. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी नुसते "अजून सात, सर" म्हणायला लागले. पहिल्यांदा ते रागावले. दुसऱ्यांदा हसले. आता मीच मोजते, ते गुणगुणतात.

७. जबड्यात काय आहे हे जबड्याला माहीत नसते. जठरावर स्टेपलर लावताना नाकातून घातलेली राइल्स ट्यूब आत राहून गेली, तर ट्यूबही जठरासकट कापली आणि शिवली जाते. असे जगभर घडलेले आहे. आमच्याकडे घडता घडता राहिले. फायर करायच्या आधी मी सवयीने भूलतज्ज्ञ मॅडमना विचारले, "ट्यूब मागे?" त्या फोनवर आयसीयूशी बोलत होत्या. "अरे देवा," म्हणाल्या आणि हात ट्यूबकडे गेला. एवढेच.

८. गोल स्टेपलरने मला कुरकुर ऐकायला शिकवले. मोठ्या आतड्याचा खालचा जोड करताना हा गुदमार्गाने वर जातो. वरून ॲन्व्हिलची टोपी बसते, मागची गुंडी फिरवत आतड्याची दोन्ही तोंडे जवळ आणायची. खिडकीतला काटा हिरव्या पट्ट्यात आला की मगच आमच्याकडच्या स्टेपलरचा लाल खटका सुटतो. दाबला की आतली प्लास्टिकची चकती तुटल्याची 'करकर' हाताला जाणवते. मग दोन-तीन अर्धे फेरे उलटे फिरवून हळूच बाहेर.

इथवर यंत्राचे काम. पुढचे माझे. स्टेपलरमधून मांसाच्या दोन कड्या निघतात, त्यांना आम्ही डोनट म्हणतो. मी त्या किडनी ट्रेमध्ये घेऊन आर्टरी चिमट्याच्या टोकावर फिरवून बघते. बाळाच्या हातातल्या वाळ्यासारख्या त्या अखंड हव्यात. एकदा एक कडी एका बाजूला कागदासारखी पातळ होऊन तुटलेली दिसली. काटा हिरव्यात होता, करकर ऐकू आली होती, सगळे नियमात. मी क्षणभर गप्प राहिले, हे कबूल करते. साडेचार तास झाले होते, सगळे थकले होते, आणि आपणच आर्टरीने ओढून तोडली असेल असे म्हणणे फार सोपे होते. शेवटी म्हटले, "सर, खालची कडी पूर्ण नाही." ओटीपोटात सलाईन भरले, खालून हवा सोडली. सायकलच्या दुकानात ट्यूब घमेल्यात बुडवतात ना, तसेच. डाव्या बाजूने बुडबुडे आले. सरांनी तिथे टाके घेतले आणि जोडाला विश्रांती म्हणून वर तात्पुरता स्टोमा, म्हणजे पोटावर शौचाची वाट, केला. तीन महिन्यांनी ते आजोबा स्टोमा बंद करून घ्यायला आले, तेव्हा माझ्याशी फक्त उसाच्या बिलाबद्दल बोलले. त्यांना बुडबुडे माहीत नव्हते.

९. सुटकेची खिडकी कुठे आहे हे बसमध्ये चढतानाच बघावे. एसटीत ती अक्षरे मी लहानपणापासून वाचत आले, पण ती खिडकी कधी उघडून पाहिली नाही. बॅटरीवर चालणारा स्टेपलर आला तेव्हाही तसेच केले. रात्री दोनच्या सुमारास तो अर्ध्या वाटेत आतड्यावर थांबला. जबडा मिटलेला, पाते मध्येच. वरचे झाकण काढून आतला दांडा मागेपुढे हलवला की पाते हाताने मागे येते, हे मला माहीत होते. पण "माहीत" म्हणजे प्रात्यक्षिकाच्या दिवशी चहा पिताना ऐकलेले. नखाने झाकण शोधताना दोन मिनिटे गेली. ती माझ्या आयुष्यातली बरीच लांब दोन मिनिटे. पाते आले, जबडा उघडला. एकदा हा मार्ग वापरला की तो स्टेपलर पुन्हा चालवायचा नसतो, तेही तेव्हा वाचले. आणि बॅटरी नव्हे, माझाच हलगर्जीपणा कारण असावा असा मला संशय आहे. आधीच्या फायरनंतर जबडा सलाईनमध्ये नीट खळबळला नव्हता. एखादी सुटी पिन अडकली असणार.

१०. मीही कुलूप मोडायला मदत केलेली आहे. आधीच्या एका नोकरीत 'एकाच पेशंटसाठी' लिहिलेल्या स्टेपलरची मूठ धुऊन, गॅसमध्ये निर्जंतुक करून पुढच्याला वापरत. कार्ट्रिज नवे, मूठ जुनी. किती वेळा फायर करायचे याची मर्यादा कंपनीच्या कागदावर असते. आम्ही मोजतही नव्हतो. टूथब्रशने सांध्यातले रक्त काढणारी मीच. खर्च पेशंटचाच वाचतो, असे सांगितले जाई आणि ते मला पटेही. झिजलेल्या खाचेत अडकलेल्या रक्ताने कुलूप लागले नसते तर, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला असता तरी विचारला असता का, ठाऊक नाही.

११. "पीस खराब होता" हे वाक्य कचऱ्याच्या डब्यात संपते, तिथेच सगळी गोची आहे. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१९ मध्ये डॉक्टरांना पत्र लिहिले. २०११ च्या जानेवारीपासून २०१८ च्या मार्चपर्यंत स्टेपलरबद्दल ४१ हजारांहून अधिक नोंदी आल्या होत्या: ३६६ मृत्यू, ९ हजारांहून जास्त गंभीर इजा, ३२ हजारांहून जास्त बिघाड. पिना नीट न मिटणे, ओळ उसवणे, फायर न होणे. प्रत्येक वेळी दोष यंत्राचाच होता असे नोंदीवरून ठरत नाही. पण तोवर पोटाच्या आत वापरायचा स्टेपलर तिथे सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात होता, जीभ दाबायच्या लाकडी पट्टीच्या पंगतीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला वरच्या वर्गात नेले.

मी ते आकडे वाचले आणि स्वतःचे मोजायला बसले. किती अडलेले स्टेपलर मी डब्यात टाकले? आठवले ते अकरा. नोंद शून्य. आपल्याकडेही जुलै २०१५ पासून उपकरणांच्या तक्रारींसाठी मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. मला कळला तो चार वर्षांनी. आता अडलेला पीस मी टाकत नाही. पिशवीत घालते, खोक्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर पेशंटच्या फाइलला एक आणि माझ्या वहीत एक.

मुदत संपलेली दोन हत्यारे माझ्या कप्प्यात आहेत, एक हाताचे, एक बॅटरीचे. नवी मुलगी थिएटरात आली की पहिल्या आठवड्यात मी तिला ती आधी अडकवायला लावते आणि मग सोडवायला.