खडीवाल्याने टाकलेला दगड: झिओलाइट कसे गोळा करावेत

पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले आहेत. वाघोलीचा निळाशार कॅव्हनसाइट आणि पाषाणच्या जुन्या खाणींतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट तर दूरदेशीच्या संग्राहकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. हा छंद इथे अगदी थोड्या खर्चात करता येतो. मात्र नुसती चमक बघून दगड उचलायचे असतील, तर सरळ दुकानातून आणावेत. खाणीत जायचे ते हा स्फटिक नेमका कुठून आला, हे स्वतः पाहून लिहून ठेवायला.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण शोधायचे कुठे हे तिच्यावर ठरते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून पडले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून गरम पाणी झिरपत राहिले आणि त्यात विरघळलेली द्रव्ये या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक होऊन जमली. झिओलाइट हा अशाच स्फटिकांचा एक गट. बोर घाटात रेल्वेसाठी खडक फोडला गेला, तेव्हाही असे सुरेख नमुने सापडले होते. याचा अर्थ सरळ आहे. ठोस, एकसंध बेसाल्टमध्ये स्फटिक मिळत नाहीत, ते मिळतात थराच्या वरच्या, बुडबुड्यांनी भरलेल्या भागात. आणि नेमका हाच भाग खडीला कच्चा म्हणून क्रशरवाले बाजूला टाकतात.

साहित्य: किलोभर वजनाचा हातोडा, एक रुंद आणि एक अरुंद छिन्नी, डोळ्यांवर पूर्ण बसणारा गॉगल, हेल्मेट, जाड तळाचे बूट, हातमोजे, दहापट मोठे दाखवणारे भिंग, वर्तमानपत्रांची रद्दी, टॉयलेट पेपर, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वही, पेन्सिल, चिकटपट्टी. घण आणि पहार घरीच ठेवा, त्यांनी दगड फुटतो तसा स्फटिकही फुटतो. गॉगलला पर्याय नाही, कारण बेसाल्टची कपची काचेसारखी धारदार असते. एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारू नये, कडक पोलादाचा तुकडा उडून डोळ्यात जातो.

परवानगी ही पहिली पायरी. खाण बंद पडलेली असली तरी ती बेवारस नसते. दगड हे गौण खनिज आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रात 2013 चे नियम आहेत. खाणपट्टा ज्याच्या नावावर असेल त्याला, किंवा जमीनमालकाला आधी भेटा. “साहेब, टाकाऊ ढिगाऱ्यातले चमकणारे चार दगड न्यायचेत” एवढे सांगितले की बहुतेक जण हसून होकार देतात. तोच होकार मेसेजवरही घेऊन ठेवा. विकण्याचा विचार असेल तर तो मामला वेगळा, त्यासाठी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे आधी चौकशी करावी. वनखात्याची जमीन, किल्ले, लेणी आणि लोणारचे विवर इथे हातोडा पिशवीतूनही काढायचा नाही.

वेळ पावसाळ्यानंतरची निवडा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर खाणीत पाणी भरते, कडे सुटतात आणि ढिगारे पायाखालून सरकतात. एकट्याने जाऊ नये आणि कुठल्या खाणीत जातोय ते घरी सांगून निघावे. खाण चालू असेल तर सुरुंगाची वेळ मुकादमाला विचारून घ्या. जमिनीवर रंगीत वायरचे तुकडे किंवा न उडालेली कांडी दिसली, तर हात न लावता मागे फिरा आणि मुकादमाला कळवा. उभ्या कड्याच्या बुडाशी थांबू नका, वर आग्यामोहोळ आहे का ते लांबूनच पाहा, आणि दगड पालथा करताना बोटे आधी खाली घालू नका.

आता शोध. कड्याकडे पाठ करून टाकाऊ ढिगाऱ्याकडे वळा. पांढरे ठिपके आणि छिद्रे असलेला, थोडा लालसर किंवा राखी झालेला दगड निवडा. हातोड्याने हलकेच ठोकून पाहा: ठोस दगड खणखणीत वाजतो, आत पोकळी असली तर आवाज बद्द येतो. फुटलेल्या कडेला गर्द हिरवा, मातकट पापुद्रा दिसला तर थांबा. तो सेलाडोनाइट, पोकळीचे अस्तर. त्याच्या आत स्फटिक असण्याची शक्यता चांगली असते.

पोकळी सापडली की घाई करायची नाही. स्फटिक बोटाने किंवा छिन्नीने उपटू नये. भोवतीच्या दगडासकट काढलेला नमुनाच खरा, कारण कोणते खनिज कोणावर वाढले हे त्यातच दिसते. पोकळीत टॉयलेट पेपर सैलसर भरा, म्हणजे कपच्या आत पडणार नाहीत. मग स्फटिकांपासून चांगले हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवून, छिन्नी बाहेरच्या बाजूला तिरकी धरून दगडाच्या नैसर्गिक चिरेवर छोटे छोटे घाव घाला. चीर नसेल आणि दगड दाद देत नसेल तर फोटो काढून सोडून द्या. एका पोकळीतून एखादा चांगला तुकडा पुरे.

ओळख पटवायला काही खुणा पुरतात. स्टिल्बाइट पीच किंवा पांढऱ्या रंगाचा, मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीसारखा, पृष्ठावर मोत्याची झाक. स्कोलेसाइट म्हणजे एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया. अ‍ॅपोफिलाइट चौकोनी, टोकाला मनोऱ्यासारखा निमुळता, बाजूंवर उभ्या रेघा. काटेकोरपणे तो झिओलाइट नव्हेच, पण नांदतो त्यांच्यातच. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, झिओलाइट सहसा काढत नाही. कॅल्साइट चाकूने सहज खरवडतो. या परीक्षा नमुन्याच्या मागच्या, फुटक्या बाजूवरच कराव्यात. मुंबई परिसरातल्या जुन्या खाणींतला ओकेनाइट मात्र कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो आणि त्याला बोट लावले की तो कायमचा चपटा होतो.

बांधताना प्रत्येक नमुना आधी टॉयलेट पेपरात, मग रद्दीत गुंडाळा आणि ट्रेच्या खणात ठेवा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू सुयांत अडकतात आणि काढताना सुया मोडतात. ओकेनाइटचा दगड डब्याच्या तळाशी चिकटवा, म्हणजे वरच्या भागाला काहीच स्पर्श होणार नाही. आणि गुंडाळण्याआधीच, खाणीत उभे राहूनच, चिठ्ठी लिहा: गाव, तालुका, खाणीची खूण, ढिगाऱ्यातला की कड्यावरचा, तारीख. “घरी गेल्यावर लिहू” म्हणणाऱ्याचे दगड आपसात मिसळतात.

घरी आल्यावर सफाई. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, रंगाचा मऊ ब्रश, खाचांसाठी सुईविना सिरिंज. एवढ्याने माती जाते. बाथरूमचे अ‍ॅसिड वापरू नये: कॅल्साइट विरघळून जातो आणि अनेक झिओलाइटांची झळाळी मरते. लोखंडाच्या डागांवर सुचवले जाणारे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे, शिवाय कॅल्शियमच्या खनिजांवर पांढरी साय धरते. थोडा तांबूस डाग राहिला तर राहू द्या. नमुना सावलीत वाळवावा, हेअर ड्रायर किंवा ऊन नको. झिओलाइटांच्या रचनेतच पाणी असते आणि उष्णतेने ते निघून जाते; 1756 मध्ये खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी या गटाला नाव दिले तेही तापवल्यावर उकळल्यासारखे दिसले म्हणून. लॉमोंटाइट नावाचा झिओलाइट तर कोरड्या हवेतच पाणी सोडून पिठासारखा भुरभुरतो, त्यात शौकिनाचा काही दोष नसतो. जांभळी गारगोटी खिडकीत ठेवली तर हळूहळू फिकी पडते, तिला बंद कपाट बरे.

शेवटी क्रमांक. नमुन्याच्या मागे पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा आणि तोच आकडा वहीत, चिठ्ठीवरच्या मजकुरासह. हे कंटाळवाणे वाटते, पण संग्रहाची किंमत इथेच ठरते. परदेशातल्या जुन्या संग्रहांत कितीतरी सुंदर नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ एवढेच आहे, मग दगड जळगावचा असो की नाशिकचा. शहरालगतच्या खाणी तर बुजतात, त्यांवर इमारती उभ्या राहतात. मग ती जागा पुन्हा पाहता येत नाही, राहते ती चिठ्ठी.

तुमच्या घरात आजोबांनी किंवा मामांनी जमवलेले असे दगड असतील, तर धूळ जरूर झाडा. पण खाली चिकटलेला कागदाचा कपटा, कितीही मळका असला तरी, टाकू नका.