हेंडनचा विमानतळ

इतिहास राजांना आणि राज्यांनाच असतो असे नव्हे; जमिनीच्या एका तुकड्यालाही तो असतो. लंडन शहराच्या वायव्येस हेंडन नावाचे उपनगर आहे. तेथील एका मैदानाची ही हकीकत.

लंडनहून विमानाने मँचेस्टरला जाणारास एका वृत्तपत्राने १०,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. १९१० च्या एप्रिलात लुई पोलाँ हा फ्रेंच वैमानिक हेंडनच्या कुरणातून उडाला व जिंकला. त्याच्याशी झुंजून हरलेला इंग्रज तरुण म्हणजे क्लॉड ग्रेहॅम-व्हाइट. पराभवाने तो खचला नाही. पुढच्याच वर्षी त्याने हेंडन येथे स्वतःचा विमानतळ उभारला. तेथील शर्यती पाहण्यास लंडनकर हजारोंनी लोटत.

९ सप्टेंबर १९११ रोजी येथूनच विंडसरला ब्रिटनमधील पहिले अधिकृत विमानटपाल गेले. त्याचे योजक वॉल्टर विंडहॅम यांनी त्याच वर्षी १८ फेब्रुवारीस आपल्या देशात, अलाहाबादेस (आताचे प्रयागराज), जगातील पहिले विमानटपाल घडवून आणले होते. सुमारे ६,५०० पत्रे यमुनेपलीकडे नैनीस गेली. आणि त्यांवरील जादा शुल्क तेथील एका ख्रिस्ती विद्यार्थी-वसतिगृहाच्या कार्यास अर्पण झाले.

पुढे पहिल्या महायुद्धात सरकारने विमानतळ ताब्यात घेतला व युद्ध संपल्यावरही सोडला नाही. दीर्घ तंट्यानंतर १९२५ मध्ये सरकारनेच तो विकत घेतला, आणि ग्रेहॅम-व्हाइट विमानविद्येपासून कायमचा दुरावला. इकडे १९२४ मध्ये भुयारी रेल्वे जवळच्या कॉलिंडेलपर्यंत आली. रेल्वेमागोमाग घरे आली आणि मैदानास चोहोंकडून वेढा पडला. विमाने तर उत्तरोत्तर मोठी व वेगवान होत गेली. त्यांस लांब धावपट्टी हवी. ती वाढवावी कोठे? १९५७ मध्ये तेथील नित्याचे उड्डाण थांबले. १९६८ मध्ये शेवटचे विमान उतरले, तेही संग्रहालयात ठेवण्यासाठी! त्यानंतर त्या भूमीवर मोठी वसाहत उभी राहिली. तिचे नाव ‘ग्रेहॅम पार्क’. १९७२ मध्ये शेजारीच हवाई दलाचे संग्रहालय उघडले.

मग घरे बांधणारांस दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. बेघर कुटुंबास छप्पर मिळणे हेही मोठेच कार्य होय. परंतु ज्या मातीवर आपण निजतो, तिच्यावर पूर्वी कोणी श्रम केले, कोण हरून पुन्हा उठले, हे विसरणे मात्र कृतघ्नपणा आहे. हेंडनकरांनी निदान नाव तरी राखले.

आपल्या गावीही मळे, विहिरी व आमराया जाऊन इमारती होत आहेत. येत्या सुट्टीत आपल्या घराच्या जागी पूर्वी काय होते, हे आजोबा-आजींस विचारा आणि वहीत उतरून ठेवा. पालकांनीही यात मुलांस साह्य करावे. कारण भूमीचे आपण धनी नव्हे, केवळ कारभारी आहोत. आणि कारभाऱ्यास मागचा हिशेब ठाऊक असावा लागतो.