जीपचं दार आणि वाडीचं फाटक

डिसेंबर २०२५ मध्ये नागावात बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली, आणि अलिबाग तालुक्यात जो तो एकच विचारू लागला: कुणी व्हिडिओ किती जवळून काढला? त्या दिवसांत कोण कुठे उभं होतं, कुणी ऐकलं नाही आणि मागाहून कोण काय बोललं, ते उगाळण्यात मला रस नाही. हिशेब मांडायचाच तर युक्तिवादाचा मांडू. हे लिहिताना डोकं थंड आहे असा आव मात्र आणत नाही. ‘एवढं काय झालं, व्हिडिओच तर काढत होतो’ हे वाक्य लोक इतक्या सहज बोलून जातात, की त्या सहजपणाचाच मला राग आहे. माझं म्हणणं असं, की वस्तीत अडकलेल्या बिबट्याचा व्हिडिओ काढणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. तुम्ही त्याला कॅमेऱ्यातून बघत असता आणि तो तुम्हाला आपल्या वाटेत उभं असलेलं बघत असतो. त्याच्या लेखी तुम्ही प्रेक्षक नाही, अडथळा आहात.

ही बघण्याची खोड आली कुठून? आपल्या पिढ्यांनी शिकारी जनावर पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर, आणि बहुतेक वेळा ते आफ्रिकेतलं. १९९६ पासून बीबीसीनं केनियातल्या मसाई मारामधून ‘बिग कॅट डायरी’ दाखवली. तिच्या आधी आणि नंतर तशा कितीतरी फिल्म आल्या. सिंह जीपच्या सावलीत येऊन आडवा होतो, चित्ता बॉनेटवर चढून लांबवर नजर टाकतो, आणि आतला माणूस निवांत शूटिंग करतो. त्यातून आपण काढलेला निष्कर्ष असा, की माणूस गप्प उभा राहिला तर जनावर काही करत नाही. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तिथल्या जनावरांना सवय झालेली असते ती गाड्यांची. गाडी खात नाही, मागे धावत नाही, खाण्यासारखीही नसते. म्हणून ती त्यांच्या हिशेबात धरलेली नसते, आणि आतली माणसं त्या गाडीच्याच आकारात जमा होतात. खाली पाय ठेवला की हा करार संपला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायला मनाई आहे, अंग खिडकीबाहेर काढायलासुद्धा. २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सिंहांच्या एका पार्कमध्ये गाडीची काच खाली घेतलेली होती, एवढ्या कारणावरून एका पर्यटक बाईचा जीव गेला. शूटिंग करणाऱ्याला वाचवणारं गाडीचं ते बंद दार, एवढंच नेमकं फिल्ममध्ये कधी दिसत नाही.

आता आपल्याकडची जागा बघा. मारामध्ये चहूकडे गवत. सिंहाला तुमचा कंटाळा आला तर तो उठून कोणत्याही दिशेला चालायला लागतो. नागावात काय आहे? एकीकडे समुद्र आणि सुरूची झाडं, दुसरीकडे रस्ता, आणि मध्ये एकमेकींना चिकटलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या. दोन वाड्यांमध्ये दगडाचा गडगा, नाहीतर हल्ली तारेची जाळी. आत विहीर, पंपाची खोली, झावळ्यांचा ढीग, होमस्टेची कपडे वाळत घातलेली मागची बाजू. भर दुपारीही सुपारीच्या बुंध्यांमध्ये ऊन-सावलीचे असे ठिपके पडतात की दहा पावलांवर बसलेला बिबट्या दिसू नये. आत यायला-जायला फाटक बहुधा एकच, आणि बघे जमतात ते नेमके तिथेच, कारण चांगलं दिसतं ते तिथूनच! म्हणजे पडदा आफ्रिकेचा, पण दार आपणच लावून घेतलेलं, आणि तेही जनावराच्या तोंडावर.

त्या क्षणी काय घडतं ते जरा सावकाश बघू. दिवसा वस्तीत सापडलेला बिबट्या बहुधा काहीच करत नाही. तो दडतो. त्याचा बेत साधा असतो: अंधार पडू द्यावा आणि आलो त्या वाटेनं निघून जावं. पहिल्या माणसानं त्याला पाहिलं तोवर हा बेत शाबूत असतो. मग फोन जातात. फाटकाशी पाच जण, थोड्या वेळानं पन्नास. पुढच्याला झावळीआडची शेपटी पुरत नाही, त्याला तोंड हवं असतं. तो एक पाऊल आत टाकतो. मागच्यांना पुढच्याचं डोकं आड येतं म्हणून ते बाजूच्या गडग्यावर चढतात. कुणीतरी गच्चीवरून ओरडून सांगतं, कुत्री बेभान भुंकत असतात, आणि एखादा शहाणा ‘जरा हलू दे की’ म्हणून दगड भिरकावतो. प्रत्येकाच्या मनात आपण एकटे, आणि फक्त बघतोय. जनावराच्या बाजूनं मात्र एकेक वाट बंद होत चाललेली असते. शेवटी तो निघतो तेव्हा माणूस धरायला निघालेला नसतो. त्यातल्या त्यात मोकळी वाटली त्या फटीतून सुटायला निघालेला असतो, आणि त्या फटीत एक माणूस हात लांब करून उभा असतो. दुसऱ्या दिवशी त्याला आपण ‘हल्ला’ म्हणतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळूरच्या एका शाळेच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हा बाहेर लोकांची जत्रा लोटली होती. त्या दिवशी निसटू पाहताना बिबट्याच्या तावडीत सापडलेला माणूस कुणी हौशी नव्हता. संजय गुब्बी, बिबट्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलेला शास्त्रज्ञ. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात शिरलेल्या बिबट्यानं जखमी केलेल्यांत बातमी टिपायला गेलेले पत्रकार होते. जाणत्याची ही गत, तर रीलवाल्याचं काय घेऊन बसलात?

गर्दीचा दुसरा तोटा कॅमेऱ्यात दिसत नाही. बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीतून मारलं की जनावर सिनेमातल्यासारखं जागीच लोळत नाही. औषध चढायला मिनिटं लागतात, आणि ते चढतं ते शांत जनावराला. भेदरलेल्या, पळवलेल्या जनावराच्या रक्तात इतकी खळबळ असते की नेहमीचा डोस कमी पडतो, आणि वाढवावा तर जीव जाण्याची भीती. पुण्याच्या कोथरूडमध्ये ९ डिसेंबर २०२० ला गवा शिरला होता. गवत खाणारं जनावर, कुणाला खायला आलेलं नव्हतं. लोकांनी त्याला गल्ल्यागल्ल्यांतून पळवलं, शूटिंग केलं, अखेर तो पकडला गेला आणि मेला. ‘आम्ही हातसुद्धा लावला नाही’ हे तेव्हाही खरंच होतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की बिबट्या स्वतःहून आला, गर्दी नंतर जमली. पहिला पंजा खाणारा माणूस आपल्या कामात होता. असेल. जखमी झालेल्यांना मी दोष देत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्याशी मला बोलायचं नाही. पहाटे वाडीत पाणी सोडायला गेलेल्या माणसासमोर बिबट्या आला तर ती त्याची चूक नव्हे. माझं म्हणणं पहिल्या माणसाबद्दल नाहीच, त्याच्यानंतर मुद्दाम चालत आलेल्यांबद्दल आहे. पहिली गाठ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पुढची गर्दी आपल्या पायांनी येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्हिडिओ नसता तर वनखात्यानं विश्वास ठेवला असता का? पुरावा कामाचा असतो, हे मला मान्य. पण पुराव्याला खिडकीतून काढलेला एक फोटो पुरतो, आणि मातीतल्या पंजाच्या ठशाशेजारी पेन ठेवून काढलेला फोटो त्याहून जास्त पुरतो. चार मिनिटांच्या थरथरत्या व्हिडिओत वनरक्षकाला हवी ती माहिती, म्हणजे कुठली वाडी, किती वाजता, कुठल्या दिशेनं, बहुधा नसतेच. असतो तो काढणाऱ्याचा धापा टाकणारा आवाज. त्यात हल्ली संगणकानं बनवलेले बिबटे इतके फिरतात की खऱ्या व्हिडिओलाही कुणी धड विचारत नाही.

तिसरा आक्षेप पर्यटनवाल्यांचा, आणि तो गोड आहे: बघितल्याशिवाय प्रेम कसं बसेल, आफ्रिका तर बघण्यावरच जगते. आफ्रिका बघण्यावर जगते, पण फुकट नाही. मारामध्ये नियम आहे की एका जनावरापाशी एका वेळी पाचच गाड्या, आणि अंतर निदान २५ मीटर. तरीही काय होतं ते फेमके ब्रोखाउस या संशोधिकेनं २०१८ मध्ये दाखवलं. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका विणीतली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली, तर कमी वर्दळीच्या भागात २.३. एकाही गाडीनं एकही पिल्लू चिरडल्याचं तिला दिसलं नव्हतं. नुसतं बघून, नुसतं थांबून, नुसतं शूटिंग करून आकडा इतका खाली आला. लांब कशाला जायचं? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. जिप्सीत बसलेल्या पाहुण्यांनी मात्र नक्की आपापल्या मनाशी म्हटलं असणार, की आम्ही तर फक्त बघत होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या केली आहे तिच्यात जनावर हाकणंही येतं. वाडीच्या तीन बाजूंनी आरडाओरडा करत उभ्या असलेल्या जमावाला जुन्या शिकाऱ्यांनी हाकाच म्हटलं असतं.

‘मग पिंजरा लावा आणि घेऊन जा लांब’ ही मागणी ऐकायला सोपी वाटते. जुन्नर भागात ती मान्य झाली होती. बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ चा आहे. त्याच अत्रेय यांनी अकोल्याच्या उसात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात, दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे माणसांत राहताना मोजले. त्यांच्या खाण्यात वजनानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. हा आकडा नागावकरांनी जरा जपून वाचावा. फणसाडचं अभयारण्य इथून काही फार लांब नाही, सागरगडाचे डोंगर त्याहून जवळ. शनिवार-रविवारी आपल्याकडे पाहुणे येतात, सुरमईची डोकी आणि कोंबडीची हाडं मागच्या दारी पडतात, त्यावर कुत्री पोसली जातात. कुत्री कशाला बोलावतात ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. हे बोललं की धंद्यावर उठलास म्हणतात. म्हणोत. कचऱ्याची गाडी सोमवारी येते आणि उरलेलं जेवण शनिवारी रात्री टाकलं जातं, यात माझा काय दोष?

आता सांगण्यासारखं. आरडाओरडा करू नये, घाबरू नये, अफवा पसरवू नये, हे सगळे सांगतात. मीही सांगतो, त्यानं किती फरक पडतो ते आपण पाहिलं आहे. त्यापेक्षा उपयोगाचं असं: बिबट्या वाडीत आहे असं कळलं तर फाटकासमोरून आधी बाजूला व्हा, आणि शक्य असेल तर ते उघडं ठेवून जा. तो दिसत असेल तर पाठ फिरवून पळू नका आणि वाकूही नका. उभा माणूस आणि वाकलेला माणूस यांत त्याला फार फरक वाटतो. लहान मूल बरोबर असेल तर ते खाली न वाकता उचलता येत नाही, म्हणून ते आधीपासूनच कडेवर असू द्या. गच्चीवर गेलात तर जिन्याचं दार मागून लावा. जिना त्यालाही चढता येतो. कुत्रा आत बांधा, त्याचं भुंकणं राखण नव्हे, आमंत्रण आहे. रात्री बिबट्याच्या डोळ्यांवर टॉर्च रोखून ‘चमकतात बघ’ म्हणण्यात जे सुख आहे ते सोडा. पाहुण्यांना होमस्टेवाल्यानंच खोलीत बसवायचं. ते तुमचं ऐकतात, इतरांचं नाही. आणि ज्यांना खरोखर बिबट्याचं चित्रीकरण करायचं आहे, त्यांनी वनखात्याची परवानगी काढून, झाडाला कॅमेरा बांधून, घरी जाऊन झोपावं. चांगलं काम तसंच होतं, आणि त्यात काढणाऱ्याचा आवाज नसतो.

वनविभागाचा फोन नंबर १९२६ आहे. मोबाइल हातात असतोच. कॅमेरा उघडण्याआधी एकदा तो लावा, वाडीचं नाव सांगा, आणि फाटकासमोरून बाजूला राहा.